पाढे, चौकटी आणि ताळा



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या गुरुजींनी आम्हांला बडोद्याच्या या शाळेत गणित शिकविले. व्याख्यानाचा विषय कळवा, असा चिटणीसांचा दूरध्वनी आला तेव्हा मी म्हटले, ‘संगणकाच्या स्प्रेडशीटवर गुणाकार’. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अगदी अदबीने प्रश्न आला, ‘एवढाच?’ होय, एवढाच. गुरुजींच्या हयातीत आम्ही त्यांच्यापाशी जे शिकलो त्यातला सर्वांत मोठा भाग गुणाकाराचाच होता, आणि उतारवयात ज्या एका चुकीचे मला आजही वाईट वाटते ती चूकही गुणाकाराचीच आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन. सभागृहात पडद्यावर जी पत्रके दाखविली ती या पुस्तिकेत शब्दांतच सांगावी लागत आहेत. वाचकांनी जवळ कागद-पेन्सिल ठेवावी, हे बरे.

आमच्या पिढीचा शेवटचा तास पाढ्यांचा असे. दोन ते तीस झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे येथल्या अर्ध्याअधिक श्रोत्यांना सांगावे लागेल, याची मला कल्पना आहे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले, आणे-पै मोडीत निघाले, तरी गुरुजींनी औटकी सोडली नाही. आम्हांला तो हेका वाटे. त्यांचा दुसरा हेका असा की, कोणताही गुणाकार मांडण्याआधी ते ‘अजमास?’ म्हणून विचारीत आणि मांडून झाल्यावर ‘ताळा?’ म्हणून विचारीत. उत्तर बरोबर असले तरी या दोहोंवाचून गुण मिळत नसत. म्हणजे गुणाकाराचे तीन भाग झाले: अजमास, प्रत्यक्ष गुणाकार आणि ताळा. यांतला मधला भाग आता यंत्राकडे गेला आहे.

स्प्रेडशीट हा शब्द हिशेबनिसांचा आहे. वहीची दोन जोडपाने उघडून त्यांवर आडव्या ओळी आणि उभे रकाने आखायचे, बेरजा तळाशी आणि कडेला न्यायच्या, असा तो मोठा कागद. रोजमेळ आणि खतावणी पाहिलेल्यांना तो परका वाटू नये. त्याचा दोष एकच: मधला एक आकडा बदलला की त्यावर उभ्या असलेल्या सर्व आकड्यांवर रबर फिरवावे लागे. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेत शिकत असता त्यांच्या एका प्राध्यापकांवर फळ्यापाशी हाच प्रसंग आला. एक आकडा चुकलेला आढळला आणि पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागले. फळाच जर आपण होऊन पुढचे आकडे दुरुस्त करील तर, या विचारातून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ साली ॲपल २ या संगणकासाठी व्हिसिकॅल्क तयार केले. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले आणि १९८५ मध्ये मॅकिन्टॉश संगणकावर एक्सेल. आज आपल्या कार्यालयांत आणि घरोघरी जे दिसते ते याच कुळातले.

पडद्यावर आखलेल्या या कागदावर रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरे आणि ओळींना १, २, ३ असे आकडे असतात. एक रकाना आणि एक ओळ जेथे छेदतात ती चौकट. संगणकवाले तिला सेल म्हणतात. प्रत्येक चौकटीला आपला पत्ता असतो: बी रकाना, दुसरी ओळ, म्हणून बी२. आता बी२ मध्ये वह्यांची संख्या आहे, सी२ मध्ये एका वहीचा भाव आहे आणि डी२ मध्ये एकूण किंमत हवी आहे. डी२ मध्ये जाऊन =बी२*सी२ असे लिहावयाचे. आरंभीचे बरोबरीचे चिन्ह म्हणजे ‘येथे मजकूर नाही, हिशेब आहे’ ही सूचना. मधली तारका म्हणजे गुणिले. फुलीचे चिन्ह कळफलकावर नसते आणि इंग्रजी एक्स हे अक्षर काढून चालत नाही, कारण यंत्र त्याला अक्षरच समजते. तारकेची ही चाल जुनी आहे. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेतही गुणाकाराला तीच होती.

इतके तर खिशातल्या गणकयंत्रावरही होते. मग फरक कोठे पडला? डी२ मध्ये आपण उत्तर लिहिले नाही, नाते लिहिले. ‘माझ्या डावीकडच्या दोन चौकटींचा गुणाकार म्हणजे मी’, असे ती चौकट म्हणते. भाव बदला, किंमत बदलते. शिवाय हे नाते पत्त्यावर नव्हे तर शेजारावर बेतलेले असते. डी२ च्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढला की डी३ मध्ये =बी३*सी३, डी४ मध्ये =बी४*सी४ अशी सूत्रे आपोआप उतरतात. पाचशे ओळींचे पाचशे गुणाकार एका ओढीत होतात. केवळ एकूण बेरीज हवी असेल तर समप्रॉडक्ट नावाचे सूत्र दोन रकाने घेऊन ओळीओळीने गुणते आणि बेरीज एका चौकटीत ठेवते.

परंतु पुष्कळदा एक संख्या जागची हलू नये असे वाटते. व्याजाचा दर एफ१ मध्ये एकदाच लिहिला आहे आणि तीनशे सभासदांच्या ठेवींना त्यानेच गुणावयाचे आहे. सूत्र खाली ओढले की एफ१ चे एफ२ होते, एफ३ होते, आणि त्या चौकटी रिकाम्या असल्यामुळे व्याज शून्य येते. येथे डॉलरचे चिन्ह उपयोगी पडते. पैशाशी त्याचा काही संबंध नाही. ते चिन्ह म्हणजे खिळा समजावा. $एफ$१ असे लिहिले की रकानाही ठोकला गेला आणि ओळही. मौज आहे ती एकच खिळा मारण्यात. पहिल्या रकान्यात खाली १ ते ३० लिहा. पहिल्या ओळीत बी पासून आडवे ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५, ३.५ लिहा. बी२ मध्ये =$ए२*बी$१ एवढे लिहून ते खाली आणि मग उजवीकडे ओढा. डाव्या संख्येचा रकाना खिळलेला, वरच्या संख्येची ओळ खिळलेली, बाकी दोन्ही मोकळ्या. एका सूत्राने २१० चौकटी भरतात आणि पावकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे समोर उभे राहतात. ज्यांनी ते छड्या खाऊन पाठ केले त्यांनी हा प्रयोग एकांतात करावा.

आता मोठ्या संख्यांकडे वळू. विद्यार्थ्यांनी आजच करून पाहण्याजोगी गोष्ट आहे. १२,३४,५६,७८९ ला ९८,७६,५४,३२१ ने गुणावयाचे. सूत्र लिहिले, चौकट रुंद केली, आकड्यांची मांडणी साधी ठेवली, तर एक्सेल उत्तर देते १,२१,९३,२६,३१,११,२६,३५,०००. अठरा अंकी भारदस्त उत्तर! पण चौथीतला मुलगासुद्धा सांगेल की एका संख्येच्या शेवटी ९ आणि दुसरीच्या शेवटी १ असता गुणाकाराच्या शेवटी शून्य येणे शक्य नाही. गुरुजींचा नवाचा ताळा लावून पाहू. पहिल्या संख्येतील अंकांची बेरीज ४५, म्हणजे नवाने भाग जाऊन शेष शून्य. दुसरीचीही ४५, शेष शून्य. तेव्हा उत्तराचा शेष शून्यच हवा. यंत्राच्या उत्तरातील अंकांची बेरीज ४६ येते, शेष १. ताळा जमत नाही. खरे उत्तर १,२१,९३,२६,३१,११,२६,३५,२६९ आहे. त्यातील अंकांची बेरीज ६३.

हे का व्हावे? एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच सार्थ अंक जपते. आत संख्या साठविण्याची जी पद्धत आहे ती १९८५ साली प्रमाणित झाली. तिच्यात एका संख्येला चौसष्ट द्विमान अंकांची जागा मिळते आणि पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच एकही न वगळता धरता येतात. त्यापलीकडे गेल्यावर शेजारशेजारच्या सगळ्या संख्यांना जागा उरत नाही. व्यवहारात एवढ्या संख्यांचा गुणाकार कोण करतो, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु सोळा अंकी कार्ड-क्रमांक चौकटीत टंकित केला की त्याचा शेवटचा अंक शून्य होतो, हा त्याच कारणाचा परिणाम आहे. क्रमांक हा गुणावयाचा नसतो. तो मजकूर म्हणून लिहावा.

आणि गुणाकार नेमका हवाच असेल तर? उपाय आपल्याच घरचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत १३५ गुणिले १२ हे उदाहरण घेऊन गुणाकाराच्या अनेक रीती दाखविल्या. त्यांतली एक म्हणजे गुणकाचे खंड करणे: १२ चे ८ आणि ४ केले, १,०८० आणि ५४० आले, मिळून १,६२०. लीलावतीवर १५४५ साली बुद्धिविलासिनी ही टीका लिहिणारे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ कपाटसंधीची रीत उलगडतात. ती तर चौकटींचीच रीत: चौकटी आखायच्या, प्रत्येकीत एक छोटा गुणाकार मांडायचा आणि तिरक्या ओळींनी बेरजा घ्यायच्या. आपण हेच स्प्रेडशीटवर करू. दोन्ही संख्यांचे उजवीकडचे चार-चार अंक वेगळे काढा: १२,३४५ आणि ६,७८९, ९८,७६५ आणि ४,३२१. चार चौकटींत चार गुणाकार. उजवीकडच्या खंडांचा गुणाकार २,९३,३५,२६९. तिरके दोन, ५,३३,४२,७४५ आणि ६७,०५,१५,५८५, मिळून ७२,३८,५८,३३०. डावीकडच्या खंडांचा १,२१,९२,५३,९२५.

येथे घाई केली आणि सगळे एका चौकटीत मिळविले तर शेवटचे अंक पुन्हा जातील. म्हणून हातचा धरावयाचा. २,९३,३५,२६९ मधले ५२६९ खाली लिहा, हातचे २,९३३. ते मधल्या बेरजेत मिळवा: ७२,३८,६१,२६३, यातले १२६३ लिहा, हातचे ७२,३८६. ते डावीकडच्या गुणाकारात मिळवा: १,२१,९३,२६,३११. आता तीन चौकटी शेजारी ठेवून वाचा, १२१९३२६३११, १२६३, ५२६९. एकही अंक हरवला नाही. चारशे-आठशे वर्षांपूर्वीची रीत यंत्राची मर्यादा ओलांडून जाते, याचे मला तरी अप्रूप वाटते.

यंत्राला पाढे येत नाहीत, हेही येथेच सांगून टाकतो. मुळाशी त्याला दुप्पट करणे आणि मिळविणे एवढेच ठाऊक. १३ गुणिले २४ करावयाचे तर १३ म्हणजे ८ अधिक ४ अधिक १, २४ ची आठपट १९२, चौपट ९६, एकपट २४, मिळून ३१२. दोनच्या या संसारात अपूर्णांकही दोनचेच: अर्धा, पाव, अर्धपाव, असे निम्मे निम्मे करीत गेलेले.

आणि आता गुरुजींच्या औटकीकडे पाहा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन या सातही संख्या संगणकात तंतोतंत बसतात, कणभरही फरक न पडता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. हेही दोनच्याच पटीतले, म्हणून जुना आणा यंत्राला अगदी नेमका धरता येतो. पै मात्र नाही, कारण रुपयाच्या १९२ पै होत आणि त्यात तीनाचा भाग आहे. ज्या नव्या पैशाला आम्ही सोपा म्हणालो तो, रुपयाचा शंभरावा भाग, यंत्राच्या द्विमान लेखनात कधीच पुरा होत नाही. आपल्याला एकतृतीयांश दशांशात लिहिताना तीन-तीन-तीन लिहीत जावे लागते तसेच त्याला एकदशांश लिहिताना होते. कोठेतरी थांबावे लागते, आणि थांबले की किंचित फरक राहतो.

हा फरक सहसा दिसत नाही. एकदा मात्र तो साऱ्या जगाला दिसला. सप्टेंबर २००७ मध्ये लोकांच्या लक्षात आले की एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीत ८५० गुणिले ७७.१ केले तर उत्तर ६५,५३५ न येता १,००,००० दिसते. ७७.१ ही संख्या द्विमानात पुरी लिहिता येत नसल्यामुळे गुणाकार ६५,५३५ ला अगदी केसभर कमी पडत होता, आणि त्या नेमक्या केसभर अंतरावरच्या संख्या पडद्यावर दाखविणाऱ्या भागात चूक राहिली होती. गुणाकार आत ठीकच होता. त्या चौकटीला दोनाने गुणले तर १,३१,०७० हे योग्य उत्तर मिळे. मायक्रोसॉफ्टने सांगितले की असा घोटाळा होणाऱ्या संख्या अवघ्या बारा आहेत, आणि पुढच्याच महिन्यात दुरुस्ती दिली. ज्याने हिशेबापूर्वी ८५० गुणिले ७७ म्हणजे पासष्ट हजारांच्या आसपास, असा अजमास बांधला असेल त्याला एक लाख पाहताच खटकले असेल.

सर्वच वेळा एवढ्यावर निभावत नाही. स्प्रेडशीटबाहेरचे, पण याच दोषाचे एक उदाहरण सांगतो. आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी आणि सेकंद काढण्यासाठी त्या संख्येला एकदशांशाने गुणी. तो एकदशांश चोवीस द्विमान अंकांत तोडून ठेवला होता. तुटलेला भाग एका कोटीत एकाहूनही लहान होता. पण यंत्रणा अखंड शंभर तास चालू होती. दशांश सेकंद छत्तीस लाख झाले आणि त्या गुणाकारातला फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतका वाढला. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी येणारे क्षेपणास्त्र यंत्रणेला तिने अपेक्षिलेल्या जागी सापडले नाही, आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले.

आपल्या कामात हा फरक पैशापुरता येतो. १०.२५ वर पाच टक्के म्हणजे ०.५१२५; चौकटीत दोनच दशांश स्थळे दाखवा म्हटले की ०.५१ दिसते. अशा तीन ओळींची बेरीज कागदावर १.५३, पत्रकात १.५४, कारण आत पुरी संख्या जिवंत असते. हिशेबतपासनीस आपल्यावर डोळे वटारतो ते यासाठी. दाखविणे निराळे आणि पूर्णांकन निराळे. राउंड हे सूत्र गुणाकाराभोवतीच घालावे म्हणजे जे दिसते तेच मिळविले जाते.

आता माझ्या चुकीकडे येतो. एका विद्यार्थी वसतिगृहाच्या समितीवर मी काही वर्षे कोषाध्यक्ष होतो. तोवर वार्षिक अंदाजपत्रक कागदावर होई. एका वर्षी मुलांची संख्या चाळीसवरून साठ करण्याचे ठरले आणि मी मोठ्या हौसेने अंदाजपत्रक स्प्रेडशीटवर मांडले. प्रत्येक ओळीत रोजचे परिमाण, दर आणि दिवस. तीन संख्यांचा गुणाकार म्हणून तारका न वापरता मी प्रॉडक्ट हे सूत्र घेतले. ते नीटस दिसते. दुधाची ओळ अशी: रोज ३० लिटर, दर ५२ रुपये, दिवस ३००. परिमाणाच्या चौकटीत मी ‘३० लिटर’ असे लिहिले. वाचणाऱ्याला कळावे म्हणून.

संख्येपुढे शब्द लिहिला की ती चौकट संख्या राहत नाही, मजकूर होते. आणि मजकुराशी ही तीन सूत्रे तीन रीतींनी वागतात. तारका सरळ बोंब मारते, चौकटीत #व्हॅल्यू! असे उमटते आणि पुढचा सगळा हिशेब अडतो. समप्रॉडक्ट मजकुराला शून्य धरते. प्रॉडक्ट मात्र ती चौकट तेथे नाहीच असे मानून उरलेल्यांचा गुणाकार करते. रिकाम्या चौकटीचेही असेच. तारका तिला शून्य धरते, प्रॉडक्ट तिच्यावरून मुकाट्याने पुढे जाते. माझ्या पत्रकात दुधाचा वर्षाचा खर्च ५२ गुणिले ३००, म्हणजे १५,६०० रुपये आला. यावयास हवा होता ४,६८,०००.

मागच्या वर्षी चाळीस मुलांचा खर्च सुमारे सतरा लाख झाला होता. नवी बेरीज आली २१,४०,०००. वाढ दिसली, ती कमी वाटली. पण घाऊक खरेदीमुळे दर मुलामागे खर्च उतरतो, असे स्पष्टीकरण मीच समितीला दिले आणि समितीने माझे अभिनंदन केले. त्या बेरजेवर शुल्क ठरले. खड्डा ४,५२,४०० रुपयांचा, दर मुलामागे ७,५४० रुपयांचा होता. डिसेंबरात शिल्लक संपली तेव्हा मी पत्रक ओळीओळीने उघडून पाहिले आणि ती चौकट सापडली. ‘लिटर’ हा शब्द पुसताच तळाची बेरीज डोळ्यांदेखत २५,९२,४०० झाली. ब्रिकलिन यांना जो फळा हवा होता तो हाच, पण सहा महिने उशिरा.

दुसऱ्या सत्रासाठी जादा शुल्क मागावे लागले. बहुतेक पालकांनी ते कुरकुरत भरले. दोन मुलांच्या घरून ते येऊ शकले नाही, आणि आम्ही देणग्या जमवीपर्यंत ती गावी निघून गेली होती. मी एकाच्या घरी जाऊन आलो. वडिलांनी चहा दिला, चूक कोणाची हे विचारले नाही, आणि मुलगा आता मामाच्या दुकानावर बसतो एवढे सांगितले. मी चूक माझी होती हे सांगितले; ते ‘असू द्या’ म्हणाले.

दुधाच्या त्या ओळीवर गुरुजी केवळ दृष्टी टाकते तरी तीस पन्नास दीड हजार, तीनशे दिवसांचे साडेचार लाख, असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे पाटी आपटली असती. नवाचा ताळाही चूक धरून देता: ३०, ५२ आणि ३०० यांचे शेष ३, ७ आणि ३, त्यांचा गुणाकार ६३, शेष शून्य, आणि १५,६०० चा शेष ३. यंत्र ताळा घेऊ शकत नाही असेही नाही. मॉड हे सूत्र नवाने भागून उरलेला शेष देते, आणि एका जादा रकान्यात ताळा मांडता येतो. परंतु तेथेही प्रॉडक्टच वापरले असते तर ‘३० लिटर’ तेथूनही गळले असते आणि ताळा खुशाल जमला असता.

त्या वसतिगृहाच्या अंदाजपत्रकात हल्ली परिमाणाचे एकक निराळ्या रकान्यात लिहितात, गुणाकार तारकेनेच करतात, आणि किंमतीच्या डावीकडे ‘अजमास’ या मथळ्याचा एक रकाना असतो. पत्रक आधी कोरे छापून घेतात. समितीतले दोन सदस्य समोरासमोर बसून तो रकाना तोंडी हिशेबाने, पेन्सिलीने भरतात, आणि मगच संगणक सुरू होतो. त्या रकान्यात सूत्र घालावयाचे नाही, असा ठराव इतिवृत्तात नोंदला आहे.